कळ कोण दाबणार? वॉपिंग, १९८६ : एक प्रकरण अभ्यास

२४ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी लंडनमधल्या चार राष्ट्रीय वर्तमानपत्रांच्या छपाई कामगारांनी संप पुकारला. 'द टाइम्स', 'संडे टाइम्स', 'द सन' आणि 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' ही ती चार पत्रं, आणि चौघांची मालक एकच : रुपर्ट मरडॉक यांची कंपनी. आजवरचा अनुभव असा की संप झाला म्हणजे अंक बंद, आणि अंक बंद झाला की मालक वाटाघाटीला तयार. या वेळी अंक बंद पडलेच नाहीत. त्याच शनिवार-रविवारी ते शहराच्या पूर्वेला, थेम्सच्या काठावरच्या वॉपिंग भागात, उंच कुंपणाच्या आत उभारलेल्या कारखान्यात छापून बाहेर पडले. संपावर गेलेले सुमारे ५,५०० कामगार बडतर्फ झाले.

हे प्रकरण सहसा 'नवं तंत्रज्ञान विरुद्ध त्याला अडवणारे जुने कामगार' अशा थाटात सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. मजकूर थेट टंकायच्या ज्या संगणकांवरून एवढं रणकंदन झालं, तशा प्रणाली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सत्तरच्या दशकापासून चालू होत्या. वॉपिंगमधली छपाईयंत्रं तर जुन्याच पद्धतीची होती. बडतर्फ झालेल्यांपैकी बहुतेकांचा अक्षरजुळणीशी काही संबंधच नव्हता. मग भांडण कशाचं होतं? मजकुराची कळ कोणी दाबायची याचं, आणि तो हक्क ज्याच्याकडे असेल त्याला त्यासोबत आणखी काय काय मिळतं याचं.

टेबलाच्या दोन बाजू

जुन्या पद्धतीत बातमी छापली कशी जायची ते आधी पाहायला हवं. सत्ता नेमकी कुठे मुरली होती हे त्याशिवाय कळत नाही.

वार्ताहर टाइपरायटरवर बातमी लिहायचा. उपसंपादक त्यावर पेनाने काटछाट करून, मथळा देऊन तो कागद छापखान्यात धाडायचा. तिथे लायनोटाइपवर बसलेला जुळारी तोच मजकूर पुन्हा, अक्षर न् अक्षर, आपल्या कळफलकावर जुळवायचा. नव्वद कळांचं हे यंत्र वितळलेल्या शिशातून अख्खी ओळ ओतून काढतं. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात ते पहिल्यांदा चाललं, आणि बरोबर शंभर वर्षांनी 'द सन'च्या छापखान्यात गरम शिशाचंच काम चालू होतं. ओळींचं मुद्रित निघालं की मुद्रितशोधक ते तपासायचे, चुकलेली ओळ पुन्हा ओतली जायची आणि शेवटी सगळं शिसं पान बांधायच्या टेबलावर यायचं.

त्या टेबलाशी जरा थांबू. एका बाजूला जुळारी, समोर उपसंपादक, मधे लोखंडी चौकटीत बांधलेलं पान. अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी; दोघांनाही ती तशीच वाचायची सवय. बातमी दोन ओळींनी लांबली आहे आणि पान सोडायची वेळ झाली आहे. कोणत्या दोन ओळी काढायच्या हे उपसंपादकाला पक्कं माहीत आहे. तो बोट दाखवतो, पण बोट शिशाला टेकत नाही. ओळ उचलायची ती जुळाऱ्यानेच. पत्रकाराने चुकून जरी शिशाला हात लावला, तरी काम थांबू शकत होतं.

बाहेरच्या माणसाला हा निव्वळ हट्ट वाटेल. हट्ट होताच. पण कित्येक वर्षं उमेदवारी करून कमावलेलं कसब, ते फक्त आपल्या संघटनेच्या माणसाकडेच राहील याची हमी, आणि त्या हमीवर उभा असलेला पगार, हे सगळं त्या न टेकणाऱ्या बोटात होतं. एकदा बोट टेकलं की उद्या ओळ उचलली जाणार, परवा ओळ ओतलीही जाणार, हे जुळाऱ्यांना मालकांच्या आधी कळलं होतं.

नाक आणि तोंड

वर्तमानपत्र हा नाशवंत माल. मंगळवारी न निघालेला अंक बुधवारी विकता येत नाही आणि त्याच्या जाहिरातींचे पैसेही परत मिळत नाहीत. त्यामुळे ऐन छपाईच्या वेळी अर्धा तास काम थांबवण्याची नुसती धमकी पुरायची. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि नाक कुठे आहे हे फ्लीट स्ट्रीटवरच्या, म्हणजे लंडनच्या वर्तमानपत्रांच्या रस्त्यावरच्या, प्रत्येक छपाई कामगाराला ठाऊक होतं.

छपाईत मुख्य संघटना दोन. जुळारी आणि इतर कुशल कारागिरांची एनजीए, आणि कारकून, बांधणी, वितरण, सफाई, यंत्रावरचे मदतनीस अशा सगळ्यांची सोगॅट. प्रत्येक छापखान्यातल्या शाखेला चॅपल म्हणत आणि तिच्या प्रमुखाला फादर. नवा माणूस घ्यायचा तर नाव संघटनेकडून यायचं. पाळीवर किती माणसं लागतील, हेही चॅपलशी बोलल्याशिवाय ठरत नसे. कागदावर व्यवस्थापक वेगळा असायचा. कामावर कोण येणार आणि कोण नाही, हे फादरला विचारल्याशिवाय त्यालाही सांगता येत नसे.

या सत्तेचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. गरजेपेक्षा जास्त माणसं नोंदवली जात. रात्रपाळीच्या तात्पुरत्या कामगारांत मिकी माउसच्या नावाने पगार उचलल्याचीही उदाहरणं होती. नोकऱ्या बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जात. जुळाऱ्यांच्या कामात स्त्रियांना जवळजवळ प्रवेशच नव्हता. आतल्यांसाठी ही घट्ट वीण होती आणि बाहेरच्यांसाठी भिंत. मालकांनी ती सहन केली, त्याला कारण त्यांचा चांगुलपणा नव्हे. प्रतिस्पर्धी पत्राचा अंक निघाला आणि आपला अडला, तर वाचक तिकडे जाईल ही भीती होती. प्रत्येक मालक दुसऱ्याच्या भीतीने वाकत होता, आणि संघटनांनी त्या भीतीचा वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवला होता.

संगणक आला आणि हा सगळा डोलारा एका प्रश्नावर येऊन टेकला. पत्रकाराने स्वतःच्या पडद्यावर लिहिलेला मजकूर थेट जुळून येत असेल, तर तोच मजकूर दुसऱ्याने पुन्हा टंकायचा कशासाठी? संघटनेचं उत्तर ठरलेलं होतं : संगणक आणा, पण त्याच्या कळा आमचाच माणूस दाबेल. म्हणजे पत्रकार आधी कागदावर लिहिणार आणि एनजीएचा सदस्य ते पाहून संगणकावर पुन्हा टंकणार. तांत्रिकदृष्ट्या हा वेडेपणा होता. सत्तेच्या दृष्टीने मात्र संघटनेकडे उरलेलं ते एकमेव फाटक होतं.

यात एक बारकावा सहसा सुटतो. लायनोटाइपच्या नव्वद कळा सोडून टाइपरायटरसारख्या कळफलकावर बसणं हे अनेक जुळाऱ्यांना मानहानीचं वाटलं. ते टंकलेखिकांचं, म्हणजे बायकांचं काम, अशी त्यांची समजूत. पगार टिकला तरी ज्या कसबावर रुबाब होता ते हातातून गेलं. नवं तंत्रज्ञान आणताना पगाराची हमी दिली की विरोध मावळतो, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. विरोधातला बराचसा भाग पैशात मोजता येत नाही आणि म्हणूनच वाटाघाटीच्या टेबलावर कुणी तो मांडतही नाही.

आधीची फेरी : १९७८-७९

वॉपिंगच्या आधी एक मोठी लढत झाली होती, आणि ती संघटनांनी जिंकली होती. 'द टाइम्स' आणि 'संडे टाइम्स' तेव्हा थॉमसन कंपनीकडे होते. संगणकावर थेट टंकनाला संघटना राजी होईनात, म्हणून कंपनीने १ डिसेंबर १९७८ पासून प्रकाशनच थांबवलं. कामगार आठवड्या-दोन आठवड्यांत नमतील असा अंदाज होता. 'द टाइम्स' पुन्हा निघाला तो थेट १३ नोव्हेंबर १९७९ ला. तोवर कंपनीचे सुमारे चार कोटी पौंड बुडाले होते. पत्रकारांना त्या काळात घरबसल्या पगार मिळत होता. शेवटी तोडगा निघाला तो असा : संगणक येतील, पण कळा एनजीएच्याच ताब्यात.

थॉमसनने पुढे हात टेकले आणि १९८१ मध्ये दोन्ही पत्रं मरडॉक यांनी घेतली.

माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण १९८६ चा नाही, हा आहे. १९७९ च्या शेवटी एनजीएची ताकद शिखरावर होती. त्या ताकदीच्या बदल्यात तिला पुष्कळ काही मागता आलं असतं : जुळाऱ्यांना संपादकीय किंवा पानमांडणीच्या कामात शिरकाव, निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी, बचतीत वाटा, नव्या लोकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी. तिने ती ताकद आहे ते गोठवण्यासाठी वापरली. तिच्या नेत्यांना हे दिसत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण वर्षभर टाळेबंदी सोसून जिंकलेल्या सभासदांपुढे जाऊन 'आता आपण हे सोडून देऊ' असं सांगणारा नेता पुढच्या निवडणुकीत टिकला नसता. संघटनेतही सत्तेचे डाव असतात. ते फक्त व्यवस्थापनातच असतात असं समजून लिहिलेले अभ्यास अर्धेच असतात.

मालकवर्ग यातून काय शिकला, तेही महत्त्वाचं. थॉमसनने समोरासमोर, उघड, आधी सांगून प्रयत्न केला आणि सपाटून मार खाल्ला. पुढच्याने तसं करायचं नाही, एवढं तर स्पष्टच झालं.

नियम बदलले

१९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांचं सरकार आलं. १९८०, १९८२ आणि १९८४ च्या कायद्यांनी संपाचं गणित बदललं. निदर्शनं फक्त स्वतःच्या कामाच्या जागी करता येतील. संघटनेच्या तिजोरीवर दंडाची आणि जप्तीची पाळी येऊ शकेल. संपाआधी सभासदांचं मतदान घ्यावं लागेल. १९८३ च्या अखेरीस वॉरिंग्टनमध्ये एडी शाह या प्रांतिक पत्राच्या मालकाविरुद्ध एनजीएने मोठी निदर्शनं केली, तेव्हा न्यायालयाने संघटनेला जबर दंड करून तिची मालमत्ता जप्त केली. रंगीत तालीमच होती ती.

वॉपिंगची तयारी

मरडॉक यांचा वॉपिंगचा कारखाना बराच आधी उभा राहिला होता, पण माणसं किती लावायची यावर संघटनांशी एकमत होत नव्हतं, म्हणून तो पडून होता. १९८५ मध्ये कंपनीने सांगितलं की इथून 'लंडन पोस्ट' नावाचं नवं पत्र निघणार आहे. त्यासाठी अटी होत्या : संपबंदी, संघटनेच्या सदस्यत्वाची सक्ती नाही, करार न्यायालयात बंधनकारक, आणि कामाची आखणी पूर्णपणे व्यवस्थापनाच्या हाती. कोणतीही छपाई संघटना यावर सही करणार नाही हे मागणाऱ्यालाही माहीत होतं. दाखवायचे दात वेगळे होते. 'लंडन पोस्ट' कधीच निघाला नाही.

दरम्यान अमेरिकेतून ॲटेक्स कंपनीची संगणक प्रणाली गुपचूप आणली गेली. लंडनच्या दुसऱ्या भागातल्या एका गोदामात तिची जोडणी आणि चाचणी झाली. कारखाना चालवायला छपाईच्या संघटना नकोत, म्हणून एरिक हॅमंड यांच्या नेतृत्वाखालच्या ईईटीपीयू या विजेच्या कामगारांच्या संघटनेमार्फत माणसं भरली. त्यातली बरीच साउथॅम्प्टन भागातली. त्यांना रोज बसने आणलं-नेलं जाई. अंक आजवर रेल्वेने देशभर जायचे, आणि रेल्वे कामगार छपाई कामगारांच्या पाठीशी उभे राहण्याची शक्यता होती, म्हणून टीएनटी या वाहतूक कंपनीचे ट्रक ठरवले. कंपनीची वेगवेगळ्या उपकंपन्यांत फोड केली. म्हणजे एका उपकंपनीतल्या वादासाठी दुसरीकडे निदर्शनं झाली की ती कायद्याने बेकायदा.

घाईचं कारण लंडनबाहेर होतं. मरडॉक तेव्हा अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रं विकत घेत होते, त्यासाठी त्यांनी १९८५ मध्ये अमेरिकन नागरिकत्वही घेतलं. त्या खरेदीच्या कर्जाला लंडनच्या पत्रांमधून पैसा लागत होता.

या तयारीतला सर्वात बोलका कागद म्हणजे कंपनीच्या वकिलांचं डिसेंबर १९८५ मधलं पत्र, जे पुढे बाहेर फुटलं. त्याचा आशय असा की कामगारांना काढायचंच असेल तर ते संपावर असताना काढणं सर्वात स्वस्त पडेल. तेव्हाच्या कायद्यात संपावरच्या सगळ्यांना एकदम बडतर्फ केलं तर अन्याय्य बडतर्फीचा दावा टिकत नव्हता आणि नुकसानभरपाईही द्यावी लागत नव्हती. म्हणजे कंपनीला संप टाळायचा नव्हता, तो व्हायला हवा होता. जानेवारीत दोन्ही संघटनांच्या सभासदांनी मोठ्या बहुमताने संपाच्या बाजूने मत दिलं आणि सुंठीवाचून खोकला गेला.

दाराबाहेर

पुढचं वर्ष वॉपिंगच्या रस्त्यांवर गेलं. काटेरी तारा, घोडेस्वार पोलिस, शनिवारी रात्री ट्रक बाहेर पडताना होणाऱ्या चकमकी, हजाराहून अधिक अटका. अंक रोज निघत राहिले.

कायद्याने इथे एक क्रूर विनोद केला. बडतर्फ कामगाराची 'कामाची जागा' म्हणजे त्याचा जुना, आता बंद झालेला छापखाना. ज्या वॉपिंगमध्ये त्याचं काम गेलं, तिथे तो कधी कामालाच नव्हता, त्यामुळे तिथे उभं राहणं बेकायदा. निदर्शनं करायची तर रिकाम्या इमारतीसमोर. सोगॅटने घाऊक वितरकांकडच्या आपल्या सभासदांना हे अंक हाताळू नका असं सांगितलं, तर फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यायालयाने तिला २५,००० पौंड दंड केला आणि सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांची तिची मालमत्ता गोठवली. सोगॅटच्या नेत्या ब्रेंडा डीन यांच्यापुढे प्रश्न असा होता की साडेपाच हजारांसाठी बाकीच्या दोन लाखांवर सभासदांची संघटना बुडवायची का.

बडतर्फ झालेल्यांत जाहिराती घेणाऱ्या मुली होत्या, सफाई करणाऱ्या बाया, ग्रंथपाल, हिशेबनीस होते. त्यांची कामं संगणकाने घेतली नव्हती. वॉपिंगमध्ये ती दुसरी माणसं करत होती. तंत्रज्ञानाचं निमित्त करून किती रुंद झाडू फिरवता येतो, ते इथे दिसतं. कंपनीने भरपाईपोटी पाच कोटी पौंड आणि 'टाइम्स'ची जुनी इमारत देऊ केली. जून १९८६ मध्ये सभासदांनी ते नाकारलं. ५ फेब्रुवारी १९८७ ला सोगॅटने लढा मागे घेतला आणि एनजीएही पाठोपाठ थांबली.

पत्रकारांचं मत

या सगळ्यात खरी कळ ज्यांच्या बोटाखाली जाणार होती ते पत्रकार. त्यांना सांगण्यात आलं : वॉपिंगला या, वर्षाला २,००० पौंड वाढ आणि खासगी आरोग्य विमा मिळेल, नाही आलात तर नोकरी सोडली असं समजू. विचार करायला काही दिवसच होते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जाऊ नका असं सांगितलं. 'द सन'च्या पत्रकारांनी प्रचंड बहुमताने जायचं ठरवलं. 'संडे टाइम्स'मध्ये मतं पडली ६८ विरुद्ध ६०.

त्या आठ मतांच्या फरकात मला या प्रकरणातलं सगळ्यात अवघड नैतिक गणित दिसतं. पत्रकारांना छपाई कामगारांबद्दल फार प्रेम असण्याचं कारण नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी त्या टेबलाशी बोट वर धरून उभं राहणं सोसलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा जुळाऱ्याचा पगार जास्त आहे हेही. त्यांच्या बाजूने पाहता संगणक म्हणजे सुटका. स्वतः लिहायचं, स्वतः कापायचं, मधे कुणी नाही. कुणी धाकाने गेलं, कुणी उत्साहाने, आणि बरेच जण दोन्हींचं मिश्रण घेऊन. काही जणांनी नकार दिला आणि नोकरी सोडली. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी काही ऑक्टोबर १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'द इंडिपेंडंट'मध्ये गेले. हे पत्र निघू शकलं तेही छपाईवरची संघटनांची पकड सुटली म्हणूनच. हा हिशेबही मांडायला हवा.

मत कशावर घेतलं गेलं, हेही पाहा. नवी प्रणाली हवी का, तिच्यावर काम कसं वाटायचं, चूक झाली तर जबाबदार कोण, यातला एकही प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. प्रश्न एवढाच : आत की बाहेर. पूर्वी तपासणीच्या साखळीत जुळारी आणि मुद्रितशोधक असत. ते काम आता गाजावाजा न होता पत्रकारांच्या गळ्यात आलं.

नंतर

दशक संपता संपता जवळजवळ सगळी राष्ट्रीय पत्रं फ्लीट स्ट्रीट सोडून गेली आणि थेट टंकन सर्वत्र आलं. बाकीच्या बहुतेक मालकांना मरडॉक यांच्यासारखं युद्ध करावं लागलं नाही. वॉपिंग पाहून संघटना वाटाघाटीने, भरपाई घेऊन माणसं कमी करायला तयार झाल्या. यंत्र तेच, परिणाम जवळपास तोच, पण हजारो माणसं हातात काही रक्कम आणि थोडी उसंत घेऊन बाहेर पडली. म्हणून 'संगणकामुळे हे होणारच होतं' या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. जुळाऱ्याचं काम जाणारच होतं. ते एका संध्याकाळी, सफाईवालीसकट, भरपाईशिवाय जाणं हा माणसांनी घेतलेला निर्णय होता.

पत्रकारांच्या हाती कळ आली, पण अंक अडवण्याची ताकद त्यांच्याकडे आली नाही. कुणी उठून गेलं तर त्याच पडद्यासमोर दुसऱ्याला बसवता येत होतं. पुढच्या काही वर्षांत कंपनीने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. वॉपिंग चालू करून देणाऱ्या ईईटीपीयूला तिथे मान्यता मिळण्याची आशा होती. तीही मिळाली नाही, आणि १९८८ मध्ये ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघानेही तिला बाहेर काढलं.